लिलिबुलेरो, लॅम्बेग आणि आडवी बासरी : उत्तर आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट फ्लूट बँडची गोष्ट

लॅगनकाठ (धागाकर्ती)

नोकरीनिमित्त पूर्व बेलफास्टमध्ये राहायला आले त्या वर्षीची गोष्ट. एप्रिल होता. रात्रपाळीला निघण्याआधी जरा पडावं म्हणून आडवी झाले, तर मागच्या गल्लीतून ढोलाचा ठोका सुरू झाला आणि त्यावर एकदम पंधरा-वीस बासऱ्या. झोप गेलीच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आमच्या बँडची तालीम. ये बघायला." आजोबांची हयात जहाजाच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेली आणि त्यातली पस्तीस वर्षं त्यांनी याच बँडमध्ये फ्लूट वाजवली.

हॉल म्हणजे विटांच्या चार भिंती आणि एक विजेचा हीटर. भिंतीवर जुने फोटो, कोपऱ्यात ढोलांच्या कव्हरांचा ढीग. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा काळी आखूड बासरी ओठांना लावून फुंकत होता आणि नुसती हवाच जात होती. आजोबांनी त्याची बासरी बोटभर खाली ओढली आणि म्हणाले, "जोर नको लावू. गरम चहा निववतोस तशी फुंकर घाल." तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला सूर लागला. त्या पोराच्या तोंडावरचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून या बँडांबद्दल मिळेल ते ऐकत आणि वाचत आले आहे. भारतात बातम्यांमधून आपल्यापर्यंत येतात त्या फक्त दंगली. मागचा इतिहास मराठीत कुठे सलग वाचायला मिळाला नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात १६९० पासून करायला हवी. त्या साली बॉइन नदीकाठी प्रोटेस्टंट राजा विल्यम (ऑरेंजचा राजपुत्र) आणि त्याचा कॅथलिक सासरा दुसरा जेम्स यांच्यात लढाई झाली आणि विल्यम जिंकला. जुन्या पंचांगाप्रमाणे ती तारीख १ जुलै, नव्याप्रमाणे ११. पण साजरी होते १२ जुलै, कारण जुन्या पंचांगात १२ जुलै हा पुढच्या वर्षीच्या ऑक्रिमच्या लढाईचा दिवस होता. ऑक्रिमची लढाई जास्त रक्तरंजित होती. लोकांच्या स्मरणात मात्र बॉइन राहिली आणि तारीख ऑक्रिमची चिकटली. इथे हा दिवस नुसता 'द ट्वेल्फ्थ' म्हणून ओळखला जातो, आपण 'अनंत चतुर्दशी' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही तसा.

ऑरेंज ऑर्डर ही संघटना निघाली १७९५ साली, आर्मा परगण्यात, 'डायमंड' नावाच्या चौकात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक गटांत झालेल्या चकमकीनंतर. पुढच्याच वर्षी, १७९६ च्या जुलैत, त्यांच्या पहिल्या मिरवणुका निघाल्या. मिरवणुकीला वाद्य हवं. ते आलं फौजेतून. इंग्रजी पलटणींत फाईफ नावाची बारीक, कर्कश आडवी बासरी आणि ताशासारखा ड्रम अशी जोडी असायची. स्थानिक स्वयंसेवक पथकांत आणि येओमनरी नावाच्या राखीव फौजेत शिपाईगिरी केलेल्या शेतकऱ्या-विणकऱ्यांनी तीच घरी आणली.

खेड्यांत ही जोडी पुढे फुगत गेली. ढोल वाढत वाढत लॅम्बेग झाला. ओकच्या लाकडाचं कडं, दोन्ही तोंडांना बकरीचं कातडं, व्यास तीन फुटांच्या आसपास, आणि वजन इतकं की गळ्यात अडकवून मैलभर चालणं म्हणजे अंगमेहनतच. तो वेताच्या छड्यांनी वाजवतात. आवाज १२० डेसिबलच्या पुढे जातो. तासन्‌तास वाजवताना मनगटं कड्यावर घासून रक्त यायचं, आणि ढोलावर ते रक्त दिसणं ही वादकाची शान समजली जायची. लॅम्बेगपुढे एकट्या फाईफचं काय ऐकू येणार! आर्मा आणि अँट्रिमच्या खेड्यांत आजही हा ढोल घुमतो. शहरांत मात्र फाईफची जागा फ्लूट बँडने घेतली.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, एकोणिसावं शतक. तीन गोष्टी एकत्र आल्या. बेलफास्टमध्ये तागाच्या गिरण्या आणि गोद्या वाढल्या, खेड्यांतली माणसं शहरात आली. कारखान्यांत बनलेल्या स्वस्त बासऱ्या बाजारात आल्या. आणि दारूबंदीची चळवळ जोरात होती. तरुणांना गुत्त्यापासून लांब ठेवायचं तर संध्याकाळी हाताला काहीतरी काम हवं, म्हणून चर्चं आणि मंडळं बँड काढू लागली. बँडच्या नावात 'टेम्परन्स' हा शब्द अजून सापडतो तो तिथून आला. पितळी वाद्यांचा संच गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचा. बासरी खिशात मावायची आणि खिशाला परवडायची. कॅथलिक वस्त्यांतही नेमकं हेच घडत होतं. हायबर्नियन, फॉरेस्टर अशा त्यांच्या संघटनांनी तसलेच फ्लूट बँड उभे केले. वाद्य तेच, चालण्याची ढब तीच. हे इथे येण्याआधी मला ठाऊक नव्हतं.

सरकारला या संगीताची किती धास्ती होती ते कायद्यांवरून दिसतं. १२ जुलै १८४९ ला काउंटी डाउनमध्ये डॉलीज ब्रे नावाच्या खिंडीतून मिरवणूक मुद्दाम कॅथलिक वस्तीतून नेली गेली. हाणामारी झाली, गोळ्या चालल्या, घरं जाळली, कित्येक कॅथलिक मेले. त्यानंतर १८५० साली आलेल्या कायद्याने चिथावणीखोर मिरवणुकाच नव्हे, तर त्यात चिथावणीखोर संगीत वाजवणंही गुन्हा ठरवलं. विल्यम जॉन्स्टन नावाच्या जमीनदाराने १८६७ साली तो कायदा उघड मोडला, न्यूटनार्ड्‌सपासून बँगरपर्यंत हजारोंची मिरवणूक काढली, तुरुंगात गेला आणि १८६८ मध्ये बेलफास्टमधून खासदार म्हणून निवडून आला. कायदा १८७२ साली रद्द झाला. मिरवणुका पुन्हा मोकळ्या झाल्या आणि नवे बँड भराभर निघू लागले.

विसाव्या शतकात यावर युद्धाची छाया पडली. १९१२-१४ च्या होमरूलविरोधी (आयर्लंडला स्वराज्य देऊ नका म्हणणाऱ्या) चळवळीत अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स या प्रोटेस्टंट स्वयंसेवक सेनेच्या कवायतीपुढे हेच बँड वाजत. त्यातले हजारो तरुण ३६व्या (अल्स्टर) डिव्हिजनमध्ये गेले आणि १ जुलै १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत, फ्रान्समधल्या थिएपव्हाल गावासमोर पडले. दोन दिवसांत पाच हजारांच्या वर मृत आणि जखमी. एकेका गल्लीतली सगळी तरुण पोरं. बॉइनची जुनी तारीख १ जुलै आणि सोमचा दिवसही १ जुलै, हा योग इथली माणसं कधीच विसरली नाहीत. बँडच्या ढोलांवर आणि झेंड्यांवर आज जी चित्रं दिसतात, त्यांत घोड्यावरच्या विल्यमइतकाच खंदकातला शिपाई असतो.

पुढचं, १९६० नंतरचं, प्रतिसादांतून बोलूया. ते सगळ्यात अवघड आहे.

जुना श्रोता

लेख फार आवडला. शीर्षकात 'लिलिबुलेरो' बघून थबकलो. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या बातम्यांआधी वाजायची तीच का ही धून? आमच्याकडे सांगलीला मर्फीचा रेडिओ होता. शॉर्टवेव्हची खरखर, मग ही धून, मग घड्याळाचे पिप् पिप्. वडील त्यावर हातातलं घड्याळ लावायचे. ही धून अशा मिरवणुकांतली असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

लॅगनकाठ

हो काका, तीच! मीही आजोबांच्या (माझ्या स्वतःच्या, साताऱ्याच्या) रेडिओवर ऐकलेली. पहिल्या जुलैत इथल्या रस्त्यावर ती फ्लूटवर ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. क्षणभर मी साताऱ्याच्या ओसरीवर होते.

ही चाल सतराव्या शतकातली. १६८९ साली ती हेन्री पर्सेलच्या नावाने छापली गेली. तिच्यावर दुसऱ्या जेम्सच्या आणि आयरिश कॅथलिकांच्या टवाळीचे शब्द बसवले गेले ते टॉमस व्हार्टन या सरदाराने, आणि ते इतके पसरले की या गाण्याने राजाला तीन राज्यांतून हाकलून लावलं, अशी फुशारकी पुढे मारली जाई. तीच चाल इथले बँड 'द प्रोटेस्टंट बॉइज' म्हणून वाजवतात. आपण सांगलीला नि साताऱ्याला घड्याळ लावत होतो त्या चालीवर इथे एका गल्लीतली माणसं टाळ्या वाजवतात आणि शेजारच्या गल्लीतली खिडक्या लावून घेतात.

शनिवार पेठ

मी दहा वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. नदीपात्रातली तालीम, नवीन पोरांच्या हातांना येणारे फोड, सगळं आठवलं. तीन प्रश्न. हे बँड ऑरेंज ऑर्डरचेच असतात का? पैसे कुठून येतात? आणि मुली असतात का?

लॅगनकाठ

बँड स्वतंत्र असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ऑर्डरची स्थानिक शाखा म्हणजे लॉज. लॉज बँडला त्या दिवसापुरतं ठरवतो, मानधन देतो आणि करार करतो: मिरवणुकीत दारू नको, निमलष्करी (इथे म्हणजे बेकायदा सशस्त्र) संघटनांचे झेंडे नकोत वगैरे. पुढे झेंडेवाले, मग बँड, मागे गळ्यात नारिंगी पट्टे घातलेले लॉजचे सभासद. वाजवणारी पोरं स्वतः ऑर्डरमध्ये असतीलच असं नाही. पुष्कळांना लॉजच्या सभांचा कंटाळा येतो, वाजवायचं मात्र असतं.

पैसा म्हणाल तर दारोदार वर्गणी, लकी ड्रॉ, आणि उन्हाळ्यात शुक्रवारी-शनिवारी रात्री होणाऱ्या बँड परेड. एक बँड यजमान, आसपासच्या गावांतले तीस-चाळीस बँड पाहुणे. चहा, सँडविच, करंडक. या आठवड्यात आम्ही तुमच्याकडे, पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे. या परेडची संख्याही मोठी आहे. गणवेशावर सगळ्यात जास्त खर्च होतो. सत्तरच्या दशकात एकसारखा स्वेटर पुरायचा. आता सोनेरी दोऱ्याचे लष्करी थाटाचे कोट लागतात.

मुली आहेत, आणि वाढत आहेत. मेलडी बँडमध्ये तर पूर्वीपासून. आमच्या गल्लीतल्या बँडमध्ये मी आले तेव्हा मुलींच्या हातात फक्त झेंडे होते. आता चारजणी फ्लूट वाजवतात आणि एक साइड ड्रम. त्या ड्रमवालीचा हात बघण्यासारखा आहे.

वेणूनाद

मी बासरी शिकतो. या फ्लूटबद्दल जरा सांगाल? आपल्या बांबूच्या बासरीच्या जवळची आहे की वेस्टर्न फ्लूटच्या?

लॅगनकाठ

मधली म्हणा. काळ्या लाकडाची (हल्ली प्लास्टिकचीही), बोटांनी झाकायची सहा भोकं, वर पाच-सहा धातूच्या चाव्या. इथे तिला बी-फ्लॅट फ्लूट म्हणतात. ऑर्केस्ट्रातल्या फ्लूटपेक्षा आखूड आणि आवाजाला तिखट, म्हणून उघड्या रस्त्यावर दूरवर पोचते.

बँडचे ढोबळ तीन प्रकार. पहिला 'ब्लड अँड थंडर': एकाच पट्टीच्या बासऱ्या, सगळे एकच चाल वाजवतात, स्वरलिपी न वाचता कानाने शिकलेली, आणि मधोमध मोठा ढोल जो सगळ्यांना दाबून टाकतो. दुसरा मेलडी बँड, जरा संथ, सुरांकडे लक्ष देणारा. तिसरा पार्ट-म्युझिक बँड, म्हणजे पिकोलोपासून बास फ्लूटपर्यंत वेगवेगळ्या बासऱ्या, लिहिलेलं संगीत, सभागृहातल्या स्पर्धा. तिसऱ्या प्रकारच्या बँडकडून ऑपेराच्या सुरावटी ऐकल्या की हे शिकणारी माणसं दिवसा बस चालवतात हे खरं वाटत नाही.

जेम्स गॉलवे याच मुशीतला. जन्म १९३९, बेलफास्टच्या गोदीजवळच्या गल्लीत, घरात बासरी आधीपासूनच. गल्लीतल्या फ्लूट बँडमध्ये तो शिकला आणि अकराव्या वर्षी बेलफास्टच्या स्पर्धेत बाल, वरिष्ठ आणि खुला असे तिन्ही गट एकाच दिवशी जिंकला. पुढे १९६९ पासून सहा वर्षं संगीतसंचालक कारायानच्या बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात तो मुख्य फ्लूटवादक होता. त्या गल्लीत पियानो शिकवणीची फी भरणारे पालक किती असणार? बँड होता म्हणून बासरी हातात आली.

कोरा कागद

ताई, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंच आहे. पण मला एक गोष्ट खटकते. याच 'ब्लड अँड थंडर' बँडांना लोक 'किक द पोप' बँड म्हणतात ना? मग स्वस्त बासरी, दारूबंदी, गरिबांची संगीतशाळा हे सगळं मान्य करूनही, ज्याच्या दारावरून हे वाजत जातं त्याचं काय? माझा एक कॅथलिक सहकारी डेरीचा आहे. तो म्हणतो, लहानपणी तो ढोल ऐकला की आई पडदे ओढायची आणि आम्ही जमिनीवर बसायचो. त्याला हा धागा वाचून दाखवला तर त्याला काय वाटेल?

लॅगनकाठ

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि याचसाठी मी म्हटलं होतं की पुढचा भाग अवघड आहे.

साठच्या दशकाच्या शेवटापासून 'ब्लड अँड थंडर' बँडांचं पेव फुटलं. त्याआधी बँडमध्ये सगळ्या वयाची माणसं असायची. आता नवे बँड निघाले ते नुसत्या वस्तीतल्या तरुणांचे. गोद्या आणि गिरण्या मंदावत होत्या, प्रोटेस्टंट-कॅथलिक संघर्षात बॉम्ब फुटत होते, आणि पोरांच्या हातात ढोल होता. काही बँड निमलष्करी संघटनांशी जोडलेले होते, त्यांची नावं आणि चिन्हं अंगावर मिरवत. ते झाकण्यात अर्थ नाही. तुमच्या मित्राच्या डेरीतच १२ ऑगस्ट १९६९ ला अप्रेंटिस बॉइज या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुकीनंतर बॉगसाइड या कॅथलिक वस्तीतली लढाई पेटली आणि दोन दिवसांत ब्रिटिश फौज रस्त्यावर आली.

मग पोर्टाडाउनजवळचं ड्रमक्री. चर्चहून गार्व्हागी रोडने, कॅथलिक वस्तीतून परतायचं की नाही यावर १९९५ पासून दर जुलैला सगळा प्रांत पेटायचा. १९९८ मध्ये मिरवणूक अडवली गेली आणि त्या तणावात १२ जुलैच्या पहाटे बॅलीमनीत घरावर पेट्रोल बॉम्ब पडून तीन लहान भाऊ जळून मेले. त्यानंतर अनेक प्रोटेस्टंट घरांतही ट्वेल्फ्थ पूर्वीसारखी राहिली नाही. आजोबा त्या वर्षी वाजवायला गेले नाहीत. तीन पोरांपेक्षा कुठलाही रस्ता मोठा नाही, एवढंच ते बोलले, आणि त्यावर मी पुढे काही विचारू शकले नाही.

आता मार्ग ठरवायला परेड्स कमिशन आहे, १९९८ च्या कायद्याने अधिकार मिळालेलं. मिरवणुकीची सूचना अठ्ठावीस दिवस आधी द्यावी लागते. वादाच्या जागी कमिशन अटी घालतं: इथे संगीत बंद, तिथे फक्त भजनं. २०१२ च्या ट्वेल्फ्थला बेलफास्टमध्ये डोनेगॉल स्ट्रीटवरच्या सेंट पॅट्रिक चर्चसमोर एक बँड गोल गोल फिरत वाजवत राहिला आणि त्याची चित्रफीत सगळीकडे गेली. तो सरळ अपमान होता. मी ज्या बँडला जवळून ओळखते त्यातल्या लोकांनाही त्याची लाज वाटली होती, आणि काहींना नव्हती वाटली, हेही सांगते.

तुमच्या मित्राला धागा जरूर वाचून दाखवा. पडदे ओढणारी ती आई या इतिहासात आहेच. तिला वगळून मला हा इतिहास सांगायचा नाही.

वाटसरू ग्लासगो

थोडी भर. हे सगळं फक्त उत्तर आयर्लंडपुरतं नाही. ग्लासगोत आणि आसपास असे बँड भरपूर आहेत. अल्स्टरहून कामाला आलेल्यांनी आणले. लिव्हरपूलचे लोक १२ जुलैला साउथपोर्टच्या किनाऱ्यावर मिरवणूक काढतात. आणि ताईंनी एकोणिसाव्या शतकाबद्दल लिहिलं ते आजही खरं आहे: इथे ग्लासगोत रिपब्लिकन (म्हणजे अखंड आयर्लंड हवं म्हणणाऱ्यांचे) फ्लूट बँडही आहेत. एका शनिवारी नारिंगी पट्टे, दुसऱ्या शनिवारी हिरवे-पांढरे-नारिंगी झेंडे. डोळे मिटून ऐकलं, आणि चाल ओळखीची नसली, तर कोण चाललंय ते कळणार नाही. तीच बासरी, तोच ढोल, तोच लष्करी थाट.

शनिवार पेठ

कोरा कागद यांचा प्रश्न माझ्याही डोक्यात होता. आपल्याकडेही १८९४ ला पुण्यात दारूवाला पुलाजवळ मशिदीवरून मेळा वाजवत नेण्यावरून दंगल झाली होती. पथकात असताना एका वळणावर आम्हाला 'इथून हात थांबवा' असा इशारा यायचा. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, तो इशारा देणारा माणूस पथकातला सगळ्यात शहाणा होता.

लॅगनकाठ

शनिवार पेठ, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

बँड जाताना वाटेत प्रार्थनास्थळ आलं, की फ्लूट खाली घ्यायचे आणि साइड ड्रमवर नुसता एकेरी ठोका द्यायचा, असा संकेत आहे. वादाच्या जागी कमिशन तोच आदेश म्हणून लिहून देतं. एरवी तो बँडने स्वतःहून पाळायचा असतो. २०२० साली कोविडमुळे मोठ्या मिरवणुका रद्द झाल्या आणि बँड आपापल्या वस्तीतच थोडं फिरले. मी रात्रपाळीवरून आले होते, अंगात हॉस्पिटलचा गणवेश तसाच, आणि दाराशी उभी राहिले. गल्लीच्या टोकाला एक छोटं कॅथलिक चर्च आहे. साथीमुळे आत कोणी नव्हतं, रस्त्यावर पोलीस नव्हते, कॅमेरा नव्हता. बँड तिथे पोचला तशी पुढच्या माणसाने हात वर केला. फ्लूट खाली आल्या. टक्. टक्. टक्. आणि वीस-पंचवीस जोडी बुटांचा आवाज. चर्च ओलांडून ते पार कोपऱ्यापर्यंत गेले, आणि मगच मोठा ढोल पुन्हा वाजला.

शेवटच्या रांगेत तो चहा निववणारा मुलगा होता. आता उंच झालाय. बासरी त्याने काखेत नीट धरली होती, पाण्याचे थेंब भोकांत जाऊ नयेत म्हणून भोकं खाली करून, आजोबांनी शिकवलं होतं तशी. आजोबा त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याच वॉर्डात गेले. बँडने त्यांच्या दारासमोर थांबून एक भजन वाजवलं. मी दार उघडं ठेवून ऐकलं.